पहिला दिवस कोणता

चौदा नंबरच्या पिंजऱ्यावरच्या कार्डावर महानंदाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘दिवस १०’. आणि पिंजऱ्यावर बसवलेल्या नव्या कॅमेऱ्याखालचा इवलासा पडदा सांगत होता, ‘दिवस ९’.

तिने आधी चष्मा पुसला, मग पडदा पुसला. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठाम राहिले.

मिरजेच्या त्या मेंदू-विकास केंद्राच्या प्राणीघरात महानंदा कोरे तेरा वर्षं काम करत होती. वय चोपन्न, शिक्षण बारावी, आणि हात असा की केसाएवढ्या सुईने शेंगदाण्याएवढ्या जिवाला टोचलं तरी तो हलायचा नाही. सगळे तिला अक्का म्हणत. कॅमेरे पंधरवड्यापूर्वी आले होते, त्यांचे पडदे काल संध्याकाळी सुरू झाले होते, आणि यंत्राच्या डोळ्यांदेखत झालेलं चौदा नंबरच्या ओपॉसमचं हे पहिलंच बाळंतपण. आज त्या पिल्लांना सुई द्यायची होती. दहाव्या दिवशीच द्यायची, हा नियम.

यंत्र बिघडलंय असं धरून तिने सांगलीच्या ऑफिसात फोन लावला. ओंकार मगदूम नावाच्या ज्या पोराने कॅमेरे बसवले होते, तोच बोलला.

“बरोबर हाय की, अक्का. जन्माचा दिवस शून्य. दुसऱ्या दिवशी एक.”

“शून्य कसा? जन्मलं त्यो पहिला दिवस. तुमच्यात पाचवी कशी मोजत्यात?”

“आणि तुमची मुलगी जन्मली तवा एक वर्षाची होती काय?” तो हसला. “सगळ्या जगात असंच मोजत्यात, अक्का. मशीन बाहेरनंच तसं आलंय.”

फोन ठेवल्यावर महानंदा स्टुलावर बसली. तिला हसू आलं नाही. सकाळचे पावणेनऊ झाले होते. दुपारी चार वाजता, तिथून दोन किलोमीटरवरच्या इस्पितळात, काचेच्या पेटीत ठेवलेल्या तिच्या नातीला ‘धात्री’ ह्या औषधाचा पहिला डोस मिळायचा होता. आणि धात्री कोणत्या दिवशी द्यायचं हे ह्याच प्राणीघरातल्या, तिच्याच अक्षरातल्या कार्डांवरून ठरलं होतं.

आता हे ओपॉसमचं प्रकरण थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हा कांगारूचा लांबचा नातेवाईक. ओंजळीत मावेल एवढा, राखाडी, आखूड शेपटीचा, स्वभावाने एकलकोंडा. पिल्लू अर्धवट जन्माला घालून बाहेर वाढवायचं, ही ह्या शिशुधान प्राण्यांची रीत. कांगारूला निदान पोटाला पिशवी तरी असते, ह्याला तीही नाही. चौदा दिवसांत मादी बाळंत होते आणि भिजवलेल्या मटकीहून जरा मोठी, गुलाबी, आंधळी पिल्लं तिच्या पोटाला लटकतात. तेव्हा त्यांचा मेंदू म्हणजे नुसती सुरुवात असते. माणसाचं मूल जे आईच्या पोटात अंधारात उरकतं, ते हे पिल्लू उघड्यावर, दिव्याखाली करतं. शास्त्रज्ञांना ह्याहून सोयीचं काय हवं? मेंदू कसा घडतो ते बघायला आईचं पोट फाडावं लागत नाही.

केंद्राच्या प्रमुख डॉ. फिरदोस मुजावर ह्यांनी महानंदाला पहिल्याच महिन्यात हे समजावलं होतं. संप्रेरकं म्हणजे गल्लीतून ओरडत जाणारी भाजीवाली, त्या म्हणाल्या होत्या. ती सगळ्या गल्ल्यांतून फिरते, पण ज्या घराची खिडकी उघडी असेल त्यालाच तिचा आवाज जातो. पेशींवरच्या ह्या खिडक्यांना ग्राही म्हणतात. घडत्या मेंदूत त्या ठरलेल्या दिवशी उघडतात आणि ठरलेल्या दिवशी मिटतात. मोठेपणी पुन्हा वेगळ्याच घरांच्या उघडतात. त्यामुळे तीच हाक लहानपणी ‘इथे भिंत बांधा’ असं सांगते आणि मोठेपणी ‘पिल्लू रडतंय, उठा’ असं.

माणसाच्या बाळाला ही हाक आईच्या वारेतून येते. पंचवीस आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाची वार तुटते आणि हाक एकाएकी थांबते. खिडक्या उघड्या आणि गल्लीत कोणी नाही. अशा तिघांतलं एक मूल पुढे नीट चालत नाही किंवा नीट बघत नाही. त्या बाळांसाठी मुजावर मॅडमनी वारेतल्या संप्रेरकांचं मिश्रण केलं, तेच धात्री. ओपॉसमच्या पिल्लांवर ते तेरा वर्षं तपासलं. महानंदाने टोचलेली पिल्लं ठणठणीत निघाली, एक नाही, साडेतीनशे. मग ओपॉसमचा दहावा दिवस म्हणजे माणसाचा कितवा आठवडा हे परदेशी तक्त्यांवरून काढलं. उत्तर आलं, सत्तावीस. गेल्या वर्षभरात सात बाळांना धात्री दिलं होतं. आठवी महानंदाची नात, अजून नाव न ठेवलेली, आज बरोबर सत्तावीस आठवड्यांची होत होती.

परदेशी तक्ते शून्यापासून मोजणाऱ्यांनी केले होते.

महानंदाचा मेंदू तिथवर पोचला आणि तिने कार्ड पुन्हा वाचलं. केंद्रातल्या केंद्रात सगळं जुळत होतं, कारण खिडक्यांचा नकाशाही तिच्या कार्डांवरून आणि डोसही तिच्या कार्डांवरून. फॉर्मवर एकच रकाना होता, ‘वय, दिवसांत’. तिने लिहिलं तसं मुलांनी संगणकात भरलं. तिचा दहावा म्हणजे जगाचा नववा, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या तर नव्हतंच. पहिली मादी बाळंत झाली तेव्हा तिने पिंजऱ्यापाशी पाचवी पुजली होती. हळदकुंकू, आणि सटवाईला नशीब लिहायला एक कोरा कागद आणि पेन्सिल. मॅडम हसल्या होत्या, पण तो कागद त्यांनी दिवसभर हलवू दिला नव्हता. तेव्हापासून मोजणी तशीच चालली.

एक दिवसाचा फरक तो काय, असं वाटेल. पण ओपॉसमचा एक दिवस म्हणजे माणसाचे सहासात दिवस. आणि एका दिवसाने काय होतं ते महानंदाने पाहिलं होतं. तेव्हा फक्त त्याचं कारण माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी लेकीच्या, अक्षताच्या लग्नासाठी तिने अकरा दिवस रजा घेतली. त्या काळात चार माद्यांच्या एकतीस पिल्लांना वृषाली खोत नावाच्या संशोधक मुलीने सुया दिल्या. पिल्लं वाढली, पळाली, चढली, सगळं छान. सहा महिन्यांनी त्यांतल्या माद्या व्याल्या, तेव्हा आक्रीत दिसलं. पिल्लू पोटावरून सुटून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात चिरचिरत पडे आणि आई शेजारी बसून अळी खात असे. कान हलत नसे, मान वळत नसे. मोठेपणी उघडायच्या त्या खिडक्या उघडल्याच नव्हत्या. मॅडमनी कारण शोधलं आणि ते सगळ्यांना पटलं: वृषालीचा हात कच्चा, डोस जास्त गेला. ती एकतीस पिल्लं हिशेबातून बाद झाली. वृषालीही झाली. शेवटच्या दिवशी ती प्राणीघरात येऊन महानंदाला म्हणाली होती की तिने मापून दिलं होतं, एक थेंब जास्त नव्हता. महानंदाने तिला चहा दिला होता आणि समजूत घातली होती, की हात बसायला वेळ लागतो.

तो चहा आता महानंदाला आठवला आणि तिला स्वतःची शरम वाटली.

पण नुसत्या आठवणीवर हे बोलायची सोय नव्हती. ती उठली आणि खाद्याच्या खोलीतल्या माळ्यावर चढली. तिथे तिने तेरा वर्षांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिका दोरीने बांधून ठेवल्या होत्या. मादी व्याली की त्या तारखेला लाल गोल, सुई दिली की निळा. कोणी सांगितलं नव्हतं, तिची आपली सवय. तिने पहिलंच बाड सोडलं. लाल तीन तारखेला, निळा बारा तारखेला. पुढचं पान, लाल अठराला, निळा सत्तावीसला. बोटांवर मोजलं: आपल्या रीतीने दहा, यंत्राच्या रीतीने नऊ. मग तिने चार वर्षांपूर्वीचं, लग्नाच्या महिन्याचं पान काढलं. तिथे वृषालीचं बारीक अक्षर होतं. लाल सहा तारखेला, निळा सोळा तारखेला.

वृषाली हैदराबादला शिकून आली होती. ती शून्यापासून मोजणार, हे उघड होतं. तिने नियमात लिहिलेल्या दहाव्या दिवशी सुई दिली आणि अक्काने तेरा वर्षं दिली नाही. त्या बाद केलेल्या एकतीस पिल्लांनाच तेवढं जगाच्या दहाव्या दिवशी टोचलं होतं. आणि सात बाळांनाही त्याच उशिराच्या वेळी, सत्ताविसाव्या आठवड्यात.

ती पानं घेऊन माळ्यावरून उतरली. सव्वादहा वाजले होते.

मुजावर मॅडम दिल्लीत होत्या. धात्रीची चाचणी बारा इस्पितळांत नेण्यासाठी त्याच दिवशी बैठक होती. चौथ्यांदा फोन लावल्यावर त्या बाहेर आल्या. महानंदाने पानांचे फोटो पाठवले होते. आता ती एकेक तारीख सांगत गेली, मध्ये कुठेही न थांबता, शाळेत पाढे म्हणावे तशी.

“वृषाली,” मॅडम एवढंच म्हणाल्या.

मग त्यांचा आवाज कामाचा झाला. चाचणी मध्येच थांबवायचे दोनच रस्ते होते. एक म्हणजे समितीने ठरवणं, आणि समिती मंगळवारी बसणार होती. दुसरा म्हणजे ज्याने नोंदी केल्या त्यानेच, स्वतःच्या हाताने, नोंदी चुकीच्या असल्याचं लिहून सही करून इस्पितळात देणं. त्याला मॅडमची तोंडी साक्ष पुरेशी होती, पण त्याच्याऐवजी दुसऱ्याची सही चालत नव्हती. बैठक त्या आत्ताच थांबवणार होत्या. त्यांच्या तेरा वर्षांच्या कामाचं आता काय, हे त्या बोलल्या नाहीत आणि महानंदाला विचारायचा धीर झाला नाही.

“मॅडम, माझ्या नातीला मग कधी द्यायचं?”

“खरी वेळ सव्विसावा आठवडा होती, अक्का. ती मागच्या आठवड्यात गेली. तिला आता काहीच देता येणार नाही. आज दिलं तर पाय सुधारतील, डोळे सुधारतील. पण त्या एकतीस पिल्लांचं जे झालं ते होऊ शकतं. माणसात होईलच असं मी सांगू शकत नाही. होणार नाही असंही नाही. अक्षताला माहीत आहे?”

“न्हाई.”

“तिला आधी सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.”

महानंदाने चौदा नंबरच्या मादीला अळ्या घातल्या, पिल्लांना सुई दिली. त्यांचा दिवस बरोबर होता, निदान त्यांचा तरी. कार्डावरचा दहा खोडून तिने नऊ केला. मग पर्स उचलून रिक्षा पकडली.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, नवजात विभागाच्या काचेबाहेर अक्षता बाकावर बसली होती. कोल्हापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, एरवी चटपटीत पोरगी पंधरा दिवसांत वाळून गेली होती. नवरा, शिवराज, चार वाजेपर्यंत पोचणार होता. काचेपलीकडे, पेटीत, ती आठशे ग्रॅमची नात नळ्यांच्या जाळ्यात झोपली होती. तिची मूठ आजीच्या अंगठ्याच्या नखाएवढी होती. तिला ह्या चाचणीत घ्यावं म्हणून महानंदानेच मॅडमपुढे पदर पसरला होता.

तिने अक्षताला सगळं सांगितलं. कार्डं, तारखा, वृषाली, एकतीस पिल्लं. अक्षता शिक्षिका, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

“म्हणजे आज डोस दिला तर ती चालेल.”

“व्हय.”

“बघेल.”

“व्हय.”

“आणि नाही दिला तर तिघांत एक.” अक्षताने काचेकडे बघितलं. “मग द्यायचा. वीस वर्षांनी तिला कोणाचं रडणं ऐकू येईल की नाही, ते वीस वर्षांनी बघू. मला तिला चालताना बघायचंय.”

महानंदाला हे चूक आहे असं म्हणवेना. ती तिच्या जागी असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. ती हळूहळू बोलायला लागली. वृषालीच्या पिल्लांतली एक मादी होती, तेरा नंबरची. तिचं पिल्लू कोपऱ्यात पडलं तेव्हा महानंदाने ते चिमट्यात उचलून तिच्या पोटापाशी ठेवलं. मादीने हुंगलं आणि बाजूला सरकली. पुन्हा ठेवलं, पुन्हा सरकली. सहा वेळा. “ती वाईट न्हवती गं. मला आधी राग आला तिचा. मग कळलं, तिला ऐकूच जात न्हाई. पिल्लू गेल्यावर ती त्याच्यावरनं चालत पाणी प्यायला गेली. ते मी बघितलंय, अक्षता. दुसऱ्या कुणी न्हाई बघितलं.”

अक्षताने कान झाकून घेतले. मग हात खाली आणले आणि आईचं मनगट धरलं. घट्ट, नखं रुतेपर्यंत.

“चार वाजेपर्यंत लिहू नकोस. एवढंच मागते. पाचला लिही, सहाला लिही. पुढच्या सगळ्या बाळांना वाचव. फक्त आजचा दिवस गप्प बस.”

हे महानंदाच्या मनात आलं नव्हतं असं नाही. रिक्षात बसल्यापासून ते मनात होतं, अक्षताने बोलून दाखवलं इतकंच. नवव्या बाळाचा डोस उद्या सकाळी होता. चार वाजेपर्यंत गप्प बसलं तर जगाचं काही बिघडत नव्हतं. नात चालली असती. आणि मोठेपणी तिच्यात काही कमी निघालंच, तर ते महानंदाच्या मागे निघालं असतं. तिला ते बघावंही लागलं नसतं.

दीड वाजला, दोन वाजले. मायलेकी बाकावर शेजारी बसून राहिल्या. नर्स येऊन दुधाची बाटली घेऊन गेली. अडीच वाजता आतल्या टेबलावर धात्रीची निळ्या झाकणाची कुपी आली, काचेतून दिसली.

तीन वाजायला दहा मिनिटं असताना महानंदा उठली.

“आई, खाली बस.”

“आई तू हायस तिची. द्यायचं का न्हाई, तुझाच निर्णय,” महानंदा म्हणाली. “पण देणाऱ्याला अंधारात ठेवून घ्यायचा निर्णय न्हवं ह्यो. तेरा वर्षं मी न कळता चुकले. आता कळून चुकू का?”

अक्षताने तोंड काचेकडे फिरवलं.

विभागप्रमुख डॉ. कौस्तुभ पाध्ये ह्यांना मॅडमचा फोन आलेलाच होता. तेही वाटच बघत होते, पण कोणाची ते त्यांना ठाऊक नव्हतं. एवढी मोठी चूक शोधून काढणारा कोणी मोठा शास्त्रज्ञ येईल असा त्यांचा समज. समोर नऊवारीतली बाई बघून ते क्षणभर गोंधळले. मग त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, दिनदर्शिकांच्या पानांचे फोटो बघितले, स्वतः बोटांवर मोजलं. समजल्यावर मी हे देऊ शकत नाही, ते म्हणाले, कोणत्याच आईबापांच्या सांगण्यावरून नाही. पण लेखी हवं. नियमाप्रमाणे हाताने लिहिलेलं.

आणि तिथे एक गंमतच झाली, भलत्या वेळी झालेली. सबंध मजल्यावर कागद नव्हता. पाच वर्षांपूर्वी इस्पितळाने कागद हद्दपार केला होता. केसपेपर, चिठ्ठ्या, सह्या, सगळं संगणकी पाट्यांवर. नर्सने कपाटं उघडली, पाध्येंनी खण उपसले. हात पुसायचे रुमाल निघाले, कागद निघेना. घड्याळात सव्वातीन झाले आणि औषध देणारी नर्स हातमोजे चढवू लागली. पाध्ये तिला थांबा म्हणाले खरे, पण चाचणीचं वेळापत्रक त्यांच्याही हातात नव्हतं. साडेतीनपर्यंत लेखी नोंद चढली नाही तर नियमाने डोस द्यावाच लागणार होता.

महानंदाने पर्स उघडली. आतल्या कप्प्यात चार घड्या घातलेला एक कागद होता आणि बोटभर पेन्सिल. नातीच्या पाचवीला आत जाऊ देत नव्हते, म्हणून तिने तो कागद ह्याच काचेला बाहेरून लावून धरला होता. पाच मिनिटं, नर्सने हटकेपर्यंत. सटवाईला काय लिहायचं ते लिहू दे म्हणून. कागद अजून कोरा होता.

तिने तो पाध्येंच्या टेबलावर पसरला आणि घड्या हाताने सारख्या केल्या. तिचं अक्षर वळणदार होतं, कार्डांवर असायचं तसंच.

‘मी, महानंदा गुरुपाद कोरे, लिहून देते की प्राणीघरात तेरा वर्षं पिल्लांचं वय मी लिहिलं. जन्माचा दिवस मी पहिला धरला. तो शून्य धरायचा होता. त्यामुळे माझा प्रत्येक आकडा एकाने जास्त आहे. वृषाली खोत हिने दिवस बरोबर धरला होता. तिची चूक नव्हती. धात्री सत्ताविसाव्या आठवड्यात देऊ नये. आठवं बाळ माझी नात आहे. तिलाही देऊ नये.’

शेवटच्या ओळीपाशी पेन्सिल तुटली. पाध्येंनी नखाने लाकूड सोलून टोक काढून दिलं. तिने सही केली, वेळ घातली. तीन वाजून सव्वीस मिनिटं.

निळ्या झाकणाची कुपी परत गेली. काचेबाहेर अक्षता उभी होती. आई बाहेर आल्यावर ती जिन्याकडे चालायला लागली, शिवराजला खालीच गाठायला. महानंदा बाकावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली.

सातही बाळांच्या घरी ती स्वतः गेली. मॅडम नको म्हणत होत्या, वकील पाठवू म्हणत होत्या. ती गेली, प्रत्येक दारात तेच सांगितलं. एका बापाने तिच्या अंगावर दार लावलं, एका आईने पाणी दिलं. ती सात मुलं धावतात, बोलतात, दर वर्षी तपासली जातात. त्यांचं खरं उत्तर ती मोठी होतील तेव्हाच कळणार आहे. मॅडम वृषालीच्या दारी गेल्या, तिच्या शिकवणीच्या वर्गात बाकावर बसून वर्ग सुटेपर्यंत थांबल्या. सव्विसाव्या आठवड्याची नवी चाचणी वृषालीच्या नावाने सुरू झाली. प्राणीघराच्या भिंतीवर आता ‘जन्मदिवस = शून्य’ अशी पाटी आहे, आणि ती महानंदानेच रंगवलेली आहे.

अक्षता वर्षभर फक्त गरजेपुरतं बोलली. नातीचं नाव गिरिजा ठेवल्याचं महानंदाला शिवराजच्या निरोपावरून कळलं. डावा पाय अधू निघाल्याचंही तसंच.

अडीच वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, महानंदा कोल्हापूरला लेकीच्या घरी गेली. अक्षताने दार उघडलं, या म्हणाली, स्वयंपाकघरात गेली. गिरिजा फरशीवर चमचे मांडून बसली होती. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्टा होता. महानंदाने लाडू दिला तर तिने तो चमच्यांच्या रांगेत ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या ब्लॉकमधलं तान्हं बाळ रडायला लागलं. भिंतीपलीकडून, बारीक आवाज. गिरिजाचा हात थांबला. तिने मान वळवली. मग भिंतीला धरून उठली, पट्ट्याचा पाय ओढत, खट, खट, दारापर्यंत गेली. कडी वर होती. तिने दोन्ही तळहातांनी दार बडवायला सुरुवात केली.

“बाळ रडतं,” ती म्हणाली. “उघड. बाळ रडतं.”

अक्षता ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. महानंदा जागची उठली नाही, उठवलंच नाही तिला. थोड्या वेळाने अक्षता पदराला हात पुसत आली, कडी काढली आणि पोरीला शेजारच्या दारात सोडून आली.

“आई,” ती म्हणाली, “तुला चहात साखर चालते ना अजून?”